पाचपैकी पाच मिळालेली खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी फिरती खुर्ची आहे. 'फिरती' या शब्दावरून मी बरंच जग पाहिलं असेल असा तुमचा समज होईल, तर तो आधीच दूर करते. मी जागच्या जागी फिरते. खूप फिरायचं आणि कुठेच पोचायचं नाही, हा माझा धंदा. तुमच्या घरातही असं कोणी असेल. त्यांना माझा नमस्कार सांगा.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. पाय एका कारागिराने बसवले, पाठ दुसऱ्याने, हात तिसऱ्याने. त्यामुळे माझ्या पाठीची आणि पायांची ओळख जन्माच्या दिवशी दुपारी झाली. डोकं बसवायला कोणी आलंच नाही. मी थोडा वेळ वाट पाहिली. मग शेवटचा कारागीर माझ्यावर बसला, त्याने एक गिरकी घेतली, "झकास!" म्हणाला आणि चहा प्यायला गेला. पुढे कौतुकाचा एवढा दुष्काळ पडणार आहे हे ठाऊक असतं, तर तो 'झकास' मी जरा पुरवून पुरवून वापरला असता.

माझी पहिली नोकरी विम्याच्या कचेरीत. तिथल्या बाई मला रोज सकाळी फडक्याने पुसायच्या. त्यांच्यानंतर आलेले गृहस्थ विचार करताना पुढे-मागे झुलायचे, आणि त्यांना विचार फार यायचे. त्या झुलण्याने माझ्या कमरेचा सांधा सैल झाला आणि मला वाचा फुटली. बसलेला माणूस पुढे झुकला की मी म्हणते, 'कुईं'. मागे टेकला की गप्प. एवढाच एक शब्द मला येतो. पण तुमच्यातल्या ज्यांच्या घरी तान्हं भावंड आहे त्यांना माहीत असेल, एका शब्दावरही अख्खं घर चालवता येतं.

वाचा फुटलेली खुर्ची कचेरीत कोणाला नको असते. मला कोपऱ्यात सारलं. माझ्यावर फायली ठेवल्या, फायलींवर कोट टाकला, कोटावर कोणीतरी टोपी ठेवली. लांबून पाहणाऱ्याला वाटे, कोणी मोठा अधिकारी पाठमोरा बसलाय. एक नवा कारकून तर माझ्याकडे रोज रजा मागायचा. मी कधी नाही म्हटलं नाही, त्यामुळे तो गेलासुद्धा. परत आल्यावर त्याचं काय झालं ते मला पाहता आलं नाही, कारण तोवर जुन्या सामानाबरोबर मला विकून टाकलं होतं.

मला घरी आणलं ते कोचबाईंनी. मित्रांनो, तुम्हाला जशी गणिताची शिकवणी असते, तशी मोठमोठ्या साहेबांनाही असते. मात्र तिला शिकवणी म्हटलं की ते रुसतात, म्हणून तिचं नाव 'कोचिंग'. तुमच्या शिकवणीत बाई बोलतात आणि तुम्ही ऐकता. इथे साहेब बोलतात, बाई ऐकतात, आणि तरी फी साहेबच भरतात. तुम्ही मोठे झालात की कोणत्या बाजूला बसायचं ते आत्ताच ठरवून ठेवा.

कोचबाईंच्या घराची पुढची खोली म्हणजे त्यांची कचेरी. खिडकी, टेबल, पाण्याचा तांब्या, त्यांची साधी खुर्ची आणि समोर मी. साहेबलोक माझ्यावर बसत. आतल्या खोल्यांत कोचबाईंचा धाकटा भाऊ राहायचा. तो शाळेत गणित शिकवायचा, म्हणून त्याला सगळे मास्तर म्हणत. ताईच्या धंद्याबद्दल त्याचं मत स्पष्ट होतं.

"ताई, सगळ्या जगात मोठ्या माणसांना फुकट बोलायला आवडतं. तूच एकटी त्यांच्याकडून त्याचे पैसे घेतेस. धन्य आहेस."

"तुझा पगार कशाचा रे? 'क्ष'ची किंमत काढायचा. अजून सापडला नाही का तो?"

"रोज सापडतो. मुलं दुसऱ्या दिवशी परत हरवतात."

अशी त्यांची बोलणी चालत. पण काम आलं की दोघं एकाच टेबलावर बसत. कारण कोचबाईंचं काम दोन पायांवर चालायचं. एक पाय शब्दांचा. साहेबांच्या हाताखालच्या माणसांशी त्या निवांत बोलायच्या: साहेब कसे आहेत, काय आवडतं, काय खटकतं. दुसरा पाय आकड्यांचा. त्याच माणसांना प्रश्न देऊन एक ते पाचमधले गुण द्यायला सांगायच्या, नाव न लिहिता. शब्द ताई ऐकायच्या, आकड्यांची सरासरी मास्तर काढायचे. मग शब्द आणि आकडे साहेबांसमोर ठेवायचे, म्हणजे साहेबांना आपला चेहरा पुढून आणि मागून दोन्हीकडून दिसतो.

मीही असं दोन्ही मोजायचे, पण मला कोणी विचारत नसे. माणूस बसला की वजन कळतं, तो आकडा. आणि कसा बसला ते कळतं. ते सांगायला शब्द लागतात, आणि माझ्याकडे होता एकच.

तर एके दिवशी कपवाले साहेब आले.

चिनी मातीचे कप बनवणाऱ्या एका कारखान्याचे ते प्रमुख. वर्षभरापूर्वी साबणाच्या कंपनीतून इथे आले होते. कारखान्याचे मालक आता थकले होते. सगळा कारभार साहेबांच्या हाती कायमचा द्यावा का, याचा विचार चालू होता, म्हणून त्यांनीच साहेबांना कोचबाईंकडे पाठवलं होतं. साहेब आत आले ते हातात खोकं घेऊन.

"मॅडम, हे तुमच्यासाठी. आमचा नवा कप. याचा कान बघा, कान! किती नाजूक! मीच सुचवला."

कपाचा कान खरोखर नाजूक होता. साहेब गेल्यावर मास्तरांनी त्यातून चहा प्यायला आणि त्यांचं बोट कानात अडकलं. साबण लावला, तेल लावलं. शेवटी ते कपासकट शाळेत गेले. मुलांना सांगितलं, आज आपण दंडगोल शिकणार आहोत. संध्याकाळी बोट सुटलं.

"साहेबांना सांग हं," मास्तर बोट चोळत म्हणाले.

"सांगायला दुपारीच फोन केला होता," कोचबाई म्हणाल्या. "मी 'त्या कपाचा' एवढं म्हटलं तर ते म्हणाले, 'आवडला ना? मला खात्रीच होती.' जाऊ दे."

हे 'जाऊ दे' तुम्ही लक्षात ठेवा, मित्रांनो. आम्ही कोणी ठेवलं नाही.

कोचबाईंनी मग कारखान्यातल्या माणसांना फोन करून बोलायला सुरुवात केली. फोन टेबलावर ठेवून बोलायच्या, त्यामुळे सगळं माझ्याही कानावर येई. माझ्या पाठीवर म्हणू या. भट्टीवाले म्हणाले, "साहेब आल्यापासून भट्टीत माल फुटायचा कमी झाला. माणूस सोन्यासारखा. पण ते... जाऊ दे." रंगकाम करणारी मुलगी म्हणाली, "माझ्या हातून एक अख्खी खेप बिघडली, तर मालकांसमोर माझ्या बाजूने उभे राहिले. फक्त कधी कधी ना... जाऊ दे." तपासणी खात्याच्या मुख्य बाई म्हणाल्या, "चांगले आहेत. कामाची शिस्त आहे. पण मी काय म्हणते..." आणि थांबल्या. कोचबाई वाट पाहत राहिल्या. पलीकडून बराच वेळ काहीच नाही. मग, "हॅलो? तुम्ही मधे काही बोलला नाहीत?" "नाही हो, तुमचंच ऐकतेय." "अगंबाई. मग... नाही, जाऊ दे."

शब्द असे गोड. आणि मग गुणांचे कागद आले.

मास्तरांनी सरासरी काढली. पुन्हा काढली. मग चष्मा पुसून पुन्हा काढली.

"ताई, तुझा साहेब नापास आहे."

"काय?"

"कामाचं नियोजन, पाचपैकी एक पूर्णांक तीन. चूक झाली तर पाठीशी उभे राहतात, एक पूर्णांक दोन. त्यांच्यासोबत काम करायला आवडतं, एक पूर्णांक चार. माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर एक जण पेपरभर फक्त माशांची चित्रं काढतो, त्यालासुद्धा मी दोन देतो."

"सगळीकडे एक?"

"एक सोडून. 'समोरच्याचं म्हणणं पूर्ण ऐकून घेतात', तिथे चार पूर्णांक सहा. म्हणजे माणूस ऐकून घेतो शांतपणे आणि मग सत्यानाश करतो."

मास्तर म्हणाले, "हे बघ, फोनवर कोण वाईट बोलणार? तोंडावर सगळे गोडच बोलतात. कागदावर नाव नव्हतं, तिथे खरं लिहिलं. आणि ते 'जाऊ दे, जाऊ दे' काय होतं? पोटातलं ओठावर येत होतं. आकडे खोटं बोलत नाहीत, ताई."

तेव्हा ते पटण्यासारखं होतं. पटण्यासारख्या गोष्टींचं हेच वाईट असतं. कोचबाईंनी ते आकडे साहेबांसमोर ठेवले.

साहेब माझ्यावर बसले होते. पहिला आकडा वाचून पुढे झुकले: कुईं. दुसरा वाचला. मग मागेही टेकले नाहीत, पुढेही आले नाहीत. भर वादळात जहाजाचा कप्तान डोलकाठीला धरतो तसे त्यांनी माझे दोन्ही हात धरले. मी तुम्हाला सांगते, माझ्यावर कचेरीतली तीस-चाळीस फायलींची थप्पी असायची, पण इतकं जड मला कधी काही लागलं नव्हतं.

"ऐकून घेण्यात मात्र चार पूर्णांक सहा," ते हळूच म्हणाले. "तेवढं तरी मला येतं."

"साहेब, मला अजून जरा—"

"नको मॅडम. समजलं मला. लोकांना मी नको असेन तर खुर्चीला चिकटून बसणारा माणूस नाही मी."

(हे माझ्याबद्दल नव्हतं. पण मला जरा लागलंच.)

"सोमवारी मालकांना भेटून मीच सोडतो म्हणून सांगतो. काल घरी नुसतं म्हणालो की आज निकाल आहे, तर मुलगी म्हणाली, 'बाबा, काळजी करू नका, नापास झालात तर मी तुम्हाला शिकवीन.' आता काय सांगू तिला?"

ते गेले. कोचबाई बराच वेळ माझ्याकडे पाहत बसल्या. मी रिकामी होते, तरी पाहत बसल्या.

संध्याकाळी मास्तरांनी दोन बातम्या दिल्या. भाजी आणायची राहिली आहे, आणि शनिवारी भंगारवाला येतोय, तर ही कुईंकुईं खुर्ची देऊन टाकू या.

"दे," कोचबाई म्हणाल्या. त्यांचं लक्षच नव्हतं. मित्रांनो, माझ्या आयुष्याचा निकाल असा भाजीबरोबर लागला.

"अरे, पण माझं काही तरी चुकतंय," त्या म्हणाल्या. "शब्द एक सांगतात, आकडे दुसरंच. आपण लगेच आकड्यांना जिंकवलं आणि शब्दांना खोटं पाडलं."

"कारण आकडे खोटं—"

"अरे, ते बोलतच नाहीत! त्यांच्या वतीने आपणच बोलतो. भट्टीवाल्यांचा आवाज ऐकलास ना तू? तो माणूस पाचपैकी एक देईल? दोघा साक्षीदारांचं जमत नसेल, तर एकाला हाकलून द्यायचं नसतं. दोघांना परत बोलवायचं असतं."

"आकड्यांना कसं परत बोलावणार?"

"आकडे लिहिणाऱ्यांना बोलवीन."

शुक्रवारी दुपारी तपासणीबाई आल्या. उंच, शिडशिडीत, कपाळावर चष्मा. आयुष्यभर कप तपासून त्यांचं असं झालं होतं की कुठलीही वस्तू हातात आली की तपासल्याशिवाय सोडवत नसे. कोचबाईंनी त्यांना चहा दिला, तोही नव्या कपात. बाईंनी कान चिमटीत धरला. बोट आत घातलं नाही. अनुभवी होत्या. नखाने कपावर टण् केलं. प्रकाशात धरला. मग सवयीने बूड बघायला कप डोक्यावर नेला. एक थेंब सांडला नाही. मी तर पाहतच राहिले.

मग त्या माझ्यावर बसल्या. कुईं.

"माफ करा हं, खुर्ची जुनी आहे," कोचबाई म्हणाल्या.

"जुनी नाही. वाईट आहे," असं म्हणून बाई उठल्या आणि कामाला लागल्या. माझी पाठ ठोकली, एक हात हलवला, तो हलला, म्हणून दुसरा हलवला. मला गोल फिरवून कान लावून ऐकलं. गुडघ्यावर बसून माझे पाय पाहिले. इतक्या बारकाईने मला जन्मल्यापासून कोणी पाहिलं नव्हतं. मी लाजले असते, पण त्यासाठी लागणारा भाग माझ्याकडे बसवलेला नाही.

कोचबाईंना हसू आलं. "मग द्या की गुण. एक ते पाच."

"पाच," बाई म्हणाल्या. जराही विचार न करता.

मित्रांनो, पाचपैकी पाच! त्या क्षणी मला काय वाटलं ते काय सांगू! तो शेडमधला 'झकास', ते फडक्याने पुसणं, सगळं डोळ्यांसमोरून गेलं. डोळे नसूनही गेलं. वाटलं, चीज झालं. कोणीतरी आपल्याला ओळखलं.

"पाच? या खुर्चीला?" कोचबाईंना माझ्याइतका आनंद झालेला दिसला नाही.

"हो, सरळ पाच. आमच्याकडे असती तर दुपारपर्यंत चुरा झाला असता."

"चुरा?"

"एक नंबरचा कप मोठ्या दुकानात जातो. दोन, तीन, चार उतरत्या भावात. पाच म्हणजे फोडून चुरा. लहान मुलालाही माहीत आहे."

"कुठल्या लहान मुलाला?"

"आमच्या. आमच्याकडे पोरं आईच्या स्वयंपाकालासुद्धा नंबर देतात. परवा मला तीन मिळाला. मी बोलले नाही दोन दिवस."

कोचबाईंच्या हातातलं पेन थांबलं. माझा आनंद एव्हाना संपला होता. अर्ध्या मिनिटाचा होता, पण पाचपैकी पाच होता. कोचबाई अगदी सावकाश म्हणाल्या, "बाई, साहेबांना काय गुण दिलेत ते सांगू नका, ते गुप्त आहे. फक्त एवढं सांगा, कागदावर चांगल्याला तुम्ही एक दिलात?"

"मग? चांगल्याला पाच कोण देतं?"

"अहो, पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं ना, पाच म्हणजे उत्तम, एक म्हणजे वाईट?"

"पहिलं पान?" बाईंनी आठवून पाहिलं. "ते जाड, छान? ते वेष्टन होतं ना? आमच्याकडे माल आला की आधी वेष्टन काढतात. सगळ्यांची काढून ठेवली आम्ही. भट्टीवाले वारा घेतात त्याने. अजून थोडी आहेत का?"

मित्रांनो, इथे कोणी शहाणं नव्हतं आणि कोणी वेडंही नव्हतं. तुमच्याच शाळेचं बघा. गुण जितके जास्त तितके चांगले, पण वर्गातला क्रमांक जितका कमी तितका चांगला. दोन्ही आकडे एकाच प्रगतिपुस्तकात सुखाने नांदतात. आता कोणी प्रगतिपुस्तकाचं वेष्टन काढून फक्त आकडा हातात दिला, तर घरी पाठीवर थाप पडेल की पाठीत धपाटा, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. कपांचे नंबर साहेबांनाही माहीत होते. पण आपल्यालाही कोणी कपासारखं नखाने वाजवून बघेल, हे त्यांच्या मनात आलं नाही.

एकट्या तपासणीबाईंच्या शब्दावर कोचबाई विसंबल्या नाहीत. पुन्हा फसायचं नव्हतं. ज्यांनी ज्यांनी कागद भरले होते त्या सगळ्यांना त्यांनी संध्याकाळभर फोन लावले आणि प्रत्येकाला एकच विचारलं: आज दुपारच्या चहाला एक ते पाचमध्ये किती द्याल, आणि तो चहा कसा होता? "एक! काय फक्कड झाला होता!" "चार. नुसतं गरम पाणी." "पाच द्यायचे होते, पण आमची वहिनीच करते, म्हणून तीन." सगळ्यांचा काटा एकाच दिशेने फिरत होता.

मास्तरांनी टेबलावर कागद ओढला. "सोपं आहे. प्रत्येक आकडा सहातून वजा करायचा. एक पूर्णांक तीनचे झाले चार पूर्णांक सात. बाप रे. चार पूर्णांक आठ. चार पूर्णांक सहा. ताई, हा साहेब वर्गात पहिला आलाय!" मग जरा थांबून म्हणाले, "आकडे खोटं बोलत नाहीत. पण शीर्षासन करतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं."

"आणि ऐकून घेण्याचे चार पूर्णांक सहा?"

मास्तरांनी वजाबाकी केली आणि कागद ताईकडे सरकवला. मग दोघंही एकदमच म्हणाले, "जाऊ दे!" आणि हसत सुटले.

कळलं ना, मित्रांनो? त्या माणसांच्या पोटात विष नव्हतं. वर्षभरात त्यांची वाक्यं पूर्णच होऊ दिली नव्हती कोणी. 'पण' म्हणायचं आणि थांबायचं, पुढचं साहेब बोलतील, अशी सवयच लागली होती. इतकी, की मधे बोलणारं कोणी नसलं तर त्यांना करमेना.

शनिवारी सकाळी साहेब आले. चेहरा उतरलेला, दाढी न केलेली. बसले, ते अगदी काठावर.

"साहेब, एक चांगली बातमी—"

"चांगलीच आहे मॅडम. मी मनाची तयारी केलीय." कुईं.

"नाही, ते गुण—"

"गुण बरोबर आहेत. मी रात्रभर विचार केला." कुईं.

"अहो, ते उलटे—"

"उलटं कशाला बोलायचं कोणाबद्दल? माझ्याच स्वभावात असेल काही." कुईं.

आतून मास्तर ओरडले, "ताई, पत्र पाठव त्यांना!"

कोचबाईंनी खोल श्वास घेतला. "साहेब, माझी एक विनंती आहे. दोन मिनिटं ही खुर्ची वाजू देऊ नका. बस, तेवढंच."

साहेब गोंधळून मागे टेकले. मी गप्प झाले. आणि त्या शांततेत कोचबाईंनी त्यांना सगळं सांगितलं: कपांचे नंबर, वेष्टन, दुपारचा चहा, सहातून वजाबाकी. नवे आकडे ठेवले आणि आकड्यांच्या शेजारी माणसांचे शब्द वाचून दाखवले. सोन्यासारखा माणूस. माझ्या बाजूने उभे राहिले. साहेबांनी मधे दोनदा तोंड उघडलं, मी चुळबुळले, त्यांनी तोंड मिटलं.

मग त्यांनी श्वास सोडला. मित्रांनो, वजनकाट्यावर त्यांचं वजन आदल्या भेटीइतकंच भरलं असतं, एक गुंजही कमी नाही. पण मला ते अगदी हलके लागले. हे काट्याला कळत नाही. त्यासाठी कोणी तरी खाली असावं लागतं.

"म्हणजे मी पास?" ते म्हणाले. डोळे पुसायचे होते, म्हणून उगाच खिडकीबाहेर पाहिलं. "आणि मग ऐकून घेण्याचे तर... चार पूर्णांक सहाचे पाच झाले असतील!"

"तेही सहातून वजा होतात, साहेब."

"किती?"

"एक पूर्णांक चार."

"काहीतरीच! मी तर सगळ्यांचं—" कुईं.

साहेब थांबले. खाली वाकून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग हळूच मागे टेकले. पुन्हा मुद्दाम पुढे झुकले: कुईं. मागे टेकले. गप्प. आणि एकाएकी ते हसायला लागले, इतके, की मी त्यांच्याबरोबर आपोआप वाजायला लागले, आणि आम्ही दोघं बराच वेळ तसेच वाजत राहिलो.

"लोक नेमकं काय सांगू बघतात मला?" शेवटी त्यांनी विचारलं.

"ते मी सांगण्यात मजा नाही," कोचबाई म्हणाल्या. "मात्र एक मी माझं सांगते. त्या कपाचा कान." आणि त्यांनी वाक्य पूर्ण केलं. आतून मास्तर पुरावा म्हणून बोट घेऊन आले.

तेवढ्यात दारावर हाक आली, "भंगाऽऽर!" मास्तर माझ्याकडे वळले. मी आयुष्यात देव-देव कधी केलं नव्हतं. हात जोडायला ते जवळ यावे लागतात, आणि माझे तर दोन टोकांना आहेत.

"थांबा!" साहेब म्हणाले. "ही मला हवी आहे."

"ही? साहेब, ही वाजते."

"म्हणूनच."

अशी मी त्या दिवशी भंगाराच्या गाडीजवळून साहेबांच्या गाडीत गेले. मागच्या सीटवर मला बसवलं होतं. खुर्चीवर खुर्ची बसलेली मी पहिल्यांदाच पाहिली. घरी गाडी थांबली तेव्हा मुलगी धावत आली. "बाबा, निकाल काय लागला?" साहेब म्हणाले, "पास. एका विषयाची शिकवणी लावावी लागणार." "कोणाकडे?" साहेबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मुलीने मला नीट न्याहाळलं आणि म्हणाली, "या बाईंनी मारलं तर मला सांगा."

सोमवारी साहेब मालकांना भेटले. सोडतो असं म्हणायचं त्यांच्या लक्षातच राहिलं नाही. त्याच दिवशी कारखान्याच्या बैठकीत ते माझ्यावर बसले आणि तपासणीबाईंना म्हणाले, "बोला. मागच्या बैठकीत 'पण' म्हणालात, त्याच्यापुढे काय होतं?" बाईंनी सवयीने 'पण' म्हटलं आणि थांबल्या. साहेब पुढे झुकले. कुईं. मागे टेकले. शांतता. बाईंनी इकडेतिकडे पाहिलं, आणि मग वर्षभराचं वाक्य सुरू झालं. चांगलं लांब होतं. त्यात कपाचा कान होता, अडकलेली गिऱ्हाइकांची बोटं होती, भट्टीजवळचा बंद पंखा होता. भट्टीवाले वेष्टनाने वारा का घेत होते, ते तेव्हा कळलं. वाक्य संपल्यावर बाई जरा धापाच टाकत होत्या, पण चेहरा असा मोकळा झाला होता, जसा घट्ट बूट काढल्यावर होतो. आता नव्या कपाचा कान मोठा आहे. मास्तरांना पहिला कप भेट आला. त्यात त्यांची दोन बोटं जातात. तरी ते खोक्यावरच्या सूचना वाचल्याशिवाय आत घालत नाहीत.

मित्रांनो, आता जाता जाता माझी एक मागणी आहे. जुन्या वस्तू नेहमी म्हणतात, आम्हाला पुसा, आम्हाला जपा, आमच्या सांध्यांना तेल द्या. मी म्हणते, पुसा जरूर, पण तेवढं तेल देऊ नका. आणि तुमच्या हातात कोणाचा आकडा आला, शाळेतल्या मित्राचा, भावंडाचा, स्वतःचाही, तर त्याला एवढं तरी विचारा की बाबा रे, तू पायावर उभा आहेस की डोक्यावर? मग त्या माणसाशेजारी थोडा वेळ बसा, आणि त्याचं 'पण' संपेपर्यंत उठू नका.

कारखान्याच्या नियमाप्रमाणे तिथल्या प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी लागते. तपासणीबाई माझी चिठ्ठी घेऊन आल्या तेव्हा मी श्वास रोखला. त्या प्रामाणिक बाई आहेत. साहेबांची खुर्ची म्हणून त्यांनी काही सूट दिली नाही. पाठीमागे अजून ती चिठ्ठी आहे. आकड्याच्या जागी ठळक पाच. आणि खाली शेऱ्याच्या जागी, त्यांच्या बारीक अक्षरात लिहिलंय:

'फोडू नये. कामाची आहे.'